बंदुकीत काय ठासलं होतं

तेव्हा तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको की आम्ही नव्हतोच. मी होते, चुलीपाशी. आमचे मालक पडवीत खाटेवर बसून चहा पीत होते. माझा मुलगा पायरीवर बसून कंपनीचे बूट चढवत होता, जनरल शिफ्टला जायचं होतं. सून त्याचा डबा भरत होती. धाकटे दीर शेतावरून नुकतेच आले होते, ते आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतात. आणि खालच्या मोहल्ल्यातले भाई अंगणात उभे होते. ते बरीच वर्षं आखातात गाडी चालवून आता घरी आलेत. त्यांच्या घरी पोपटी लावायची होती, मडक्यात शेंगा भाजतात ती, म्हणून वालाच्या शेंगा न्यायला आले होते.

येवढी माणसं. आणि ती बंदूक.

आमचं गाव रोह्याकडं, निडी स्टेशनापासून आत. इथं भात कापलं की त्याच जमिनीत वाल टाकतात. वालाला पाणी लागत नाय, दवावर येतो. पण शेंग भरायला लागली की रानडुकरं उतरतात, आणि एका फेरीत अख्खं शेत नांगरल्यासारखं करून जातात. म्हणून दीर रात्रीचे शेतातल्या माळ्यावर राखणीला बसतात. त्यांच्यापाशी सासऱ्यांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. परवाना सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे कधीच गेले. नाव बदलून घ्या, नाव बदलून घ्या, मी किती वेळा बोलले असेन. "बघू" बोलायचे. आमच्या घरातल्या पुरुषांनी जन्मभर नुसतं बघितलंच.

त्या बंदुकीची एक खोड तुम्हाला सांगायला पाहिजे. तिला पुढून, नळीच्या तोंडातून भरतात आणि गजानं ठासतात. एकदा ठासली की रिकामी करायची म्हणजे उडवायची. डुक्कर आलंच नाय तर काय? तर भरलेली तशीच घरी आणायची, दुसऱ्या रात्री तशीच न्यायची. बार फुकट घालवायला दिरांचा जीव होत नसे. निदान घोड्याखाली ती केप असते, टिकलीसारखी, ती तरी काढून ठेवायची. तशी ते काढायचे. त्या दिवशी नाय काढली. थंडीनं बोटं आखडली होती, असं मागून बोलले.

तर दीर आले, बंदूक पडवीच्या भिंतीला टेकवली आणि माझ्याकडं वळून बोलले, "वहिनी, चहा हाय का गो?" त्यांच्या तोंडचं हाय का संपलं नाय तोवर बंदूक भिंतीवरून घसरली. घोडा पायरीच्या दगडावर आपटला.

बार कसा होतो ते मी दसऱ्याला ऐकलेलं, उघड्यावर. पडवीत ऐकला नव्हता. कानात अशी शिट्टी बसली की सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज एकाचाही नाय. धूर झाला. मुलगा एक बूट घातलेला, एक हातात, तसाच बसून होता. तो आपल्या पायाकडं बघत होता, जसा काय दुसऱ्याचाच पाय हाय. पोटरीला मागच्या बाजूला भोक होतं. पॅन्टची कड धुमसत होती. मग रक्त आलं.

आता तुम्हाला वाटेल, ज्यानं बंदूक ठेवली तो पहिला धावला असेल पोराकडं. दीर धावले खरे. बंदूक उचलली आणि पेंढ्यात लपवायला धावले. आमचे मालक उठले. चहाची कपबशी नीट खाली ठेवली. आणि त्यांचं पहिलं वाक्य मला ऐकू आलं नाय, पण ओठावरनं कळलं. "सळी लागली. काय? सळी लागली म्हणून सांगायचं."

पोराचा पाय फुटलाय आणि ह्यांना सळी सुचली.

मी पदर फाडून पाय बांधला. दीर पेंढ्यातून परत आले ते माझ्या डब्यातली हळद मुठीनं घेऊन. बांधलेलं सोडलं आणि भोकात हळद कोंबली. मी हात धरला तर बोलले, "वहिनी, रक्त थांबतं." रक्त थांबलं थोडं. पण ती हळद आणि ते पेंढ्यातनं आलेले हात. भाई पायरीशी आले. ते बोलले, "उचला त्याला, माझी गाडी हाय."

रोह्याला जाताना दीर गाडीत बसले काय? नाय. "मी आलो तर संशय येईल" म्हणून ते घरीच राहिले. गाडीत मालक, मी, मुलगा आणि भाई. मुलाचं डोकं माझ्या मांडीवर. आणि मालकांची तालीम चालू झाली.

"कुंपणाची सळी लागली. ध्यानात ठेवा."

भाई पुढून बोलले, "दादा, तुमच्या कुंपणाला सळी कुठं हाय? निवडुंग हाय."

"मग घराच्या कामाची."

"कुणाच्या घराचं काम चाललंय?"

"भाई, तू गाडी चालव ना."

"चालवतोय की. पण डॉक्टर विचारेल ना, सळी मागून कशी घुसली? बसला होता की पळत होता?"

मालक विचारात पडले. शेवटी ठरलं की मुलगा पाठमोरा घसरून सळईवर पडला. मुलगा कण्हत होता, त्याला पण पाठ करायला लावलं. तो बोलला, "आये, काकाला आत टाकतील गो. सळीच सांगूया." त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं ते ह्याच काकानं. काकाला मूल नाय. म्हणून पोराचा जीव त्याच्यात.

रोह्याच्या डॉक्टरनं जखम बघितली. हळदीनं सगळं पिवळं झालेलं, बाराचं काळं कुठं दिसतच नव्हतं. त्यांनी विचारलं, "कशानं झालं?" मालक बोलले, "सळी." त्यांनी विचारलं, "सळी अख्खी निघाली? आत तुकडा राहिला नाही ना?" मालक बोलले, "अख्खी निघाली, मी स्वतः उपटली." स्वतः उपटली! मी बोलायला तोंड उघडलं, "डॉक्टर, आवाज झाला होता," तर मालक लगेच, "ती घाबरलीय साहेब, पोरगा पडल्याचा आवाज." डॉक्टरनं मुलाकडं बघितलं. मुलगा बोलला, "सळीच." आता पेशंटच बोलतोय म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार?

त्यांनी धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते बोलले, "घाण जखम आहे, मी उघडी ठेवली असती." मालक हात जोडून बोलले, "नाय नाय साहेब, टाके घाला. घट्ट घाला. कामावर जायचंय त्याला." डॉक्टर बोलले, "बरं, दोन टाके घालतो, पण आधी पलीकडे जाऊन पायाचा फोटो काढून आणा, आणि उद्या दाखवायला या." आम्ही व्हय बोललो आणि बाहेर पडलो. पलीकडं गेलो नाय. मालकांनी गाडी सरळ घराकडं वळवायला सांगितली. फोटोत छर्रे दिसतात येवढी अक्कल त्यांना होती. दुसऱ्या दिवशीही दाखवायला नेलं नाय.

मग घरी जे झालं ते काय सांगू. पाय सुजला. पोटरी मडक्यासारखी ताणली, कातडी चकाकायला लागली. टाक्यातनं गढूळ पाणी यायचं आणि त्याला वास. ताप चढायचा. सून रात्रंदिवस ओल्या फडक्यानं पुसत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती, पण भांडी अशी आपटायची की सगळं त्यातच होतं. दीर सकाळ-संध्याकाळ दारात यायचे, आत पाऊल टाकायचे नाय. "एरंडाचं पान गरम करून बांधा," असं दारातनं सांगून जायचे.

बघायला येणाऱ्या बाया तर विचारूच नका. शेजारची काकी आली, पायाशी बसली, पाय बघितला आणि मला हळूच बोलली,

"काय गो, सळी लागली म्हणे?"

"व्हय."

"येवढा आवाज करते काय गो सळी? आमच्या कोंबड्या उडाल्या."

मी पायावर चादर ओढली. ती सुनेकडं वळली. "बाये, आमच्याकडं पण सळ्या हायत, पण आमच्या मुक्या हायत."

सगळ्या गावाला ठाऊक. काकीच्या कोंबड्यांना ठाऊक. फक्त ज्याला ठाऊक पाहिजे त्या डॉक्टरला ठाऊक नाय. ह्या गोष्टीचा मला येवढा वैताग आला, अजून आठवलं की डोकं भणभणतं. आम्ही लपवत होतो कुणापासून? जो पाय वाचवणार त्याच्यापासून.

भाई पोपटीच्या शेंगा घेऊन आले, त्यांच्या बायकोनं पाठवल्या होत्या, पोपटीत घालतात त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येत होता. त्यांनी पाय बघितला, वास घेतला, शेंगा खाली ठेवल्या. "उठा," बोलले. "पेणला नेऊ. तिथं ऑपरेशनवाली डॉक्टरीण हाय." मालक बोलले, "पण तिथं—" भाई बोलले, "दादा, माझ्या गाडीत बसायचं तर तोंड बंद ठेवायचं. सळी बोललास तर वाटेत गडबला उतरवीन."

हायवेचं काम चालू होतं, हायवेचं काम चालूच असतं. प्रत्येक खड्ड्याला मुलगा ओरडायचा आणि मालक डोळे मिटायचे. ह्यांचं काळीज नाय असं मी बोलत नाय. काळीज हाय, पण ते भावासाठी वेगळं आणि पोरासाठी वेगळं, आणि दोन्ही एका वेळी चालत नव्हतं.

पेणची डॉक्टरीण बारीकशी बाई, आवाज मोठा. तिनं पट्टी सोडली, वास आला तसं तोंड वाकडं केलं नाय, पण टाके बघून कपाळाला आठ्या घातल्या. फोटो काढायला पाठवलं. फोटो आला तो उजेडाला लावून मला बोलावलं. मला, मालकांना नाय.

"आजी, इकडे या. हे काय आहे?"

पायाचं हाड दिसत होतं, आणि त्याच्या भोवती पांढरे ठिपके, नाचणी सांडल्यासारखे.

"ही सळी आहे का?"

मी बोलले, "नाय बाई. बंदूक. ठासणीची. घरातच सुटली."

मागून मालकांचा आवाज, "फटाका होता."

ती डॉक्टरीण त्यांच्याकडं अशी वळली. "आजोबा, फटाक्यात शिशाचे छर्रे कोण भरतं? मला सांगा, मी पण आणते दिवाळीला." भाई बाहेरच्या बाकावर हसले, ते मला ऐकू आलं.

मग ती मालकांना बोलली, आणि हे मला आवडलं, की तिनं आवाज खाली आणला. "हे बघा. बंदुकीची जखम आहे म्हणून पोलिसांना कळवणं माझं काम आहे, ते मी करणार. पण आधी पाय. पोलिसांना वेळ आहे, पायाला नाही."

तिनं मला समजावलं तसं तुम्हाला सांगते. आंब्याला बाहेरून टोचा येवढासा असतो, कापला की आत सगळा काळा. बंदुकीचं तसंच. भोक दिसतं तेवढंच नसतं. छर्रे ज्या वाटेनं जातात तिच्या आजूबाजूचं मांस पण दणक्यानं मरतं. आणि कुठलं मेलं, कुठलं जगलं ते पहिल्या दिवशी डॉक्टरला पण पुरतं कळत नाय, दोन-चार दिवसांनी रंग दाखवतं. म्हणून असली जखम शिवायची नसते. धुवायची, मेलेलं कापायचं, उघडी ठेवायची, परत बघायची, परत कापायचं. आत घाण ठेवून वरून शिवलं की ती घाण आतल्या आत कुजते आणि अंगात भिनते. आम्ही काय केलं होतं? हात जोडून टाके मागितले होते.

मी विचारलं, "मेलेलं मांस कळतं कसं बाई?"

"चिमट्यात धरलं की जिवंत मांस आक्रसतं आजी. कापलं की त्यातून रक्त येतं. मेलेलं नुसतं पडून राहतं."

ऑपरेशन झालं. तिनं बरंच काढलं. बाहेर येऊन एका वाटीत काळा ओला बोळा दाखवला, सुपारीयेवढा. "हा आत होता. काय आहे हा?" मालक बोलले, "चिंधी. ठासताना घालतात." ती बोलली, "एवढाच ना? अजून काही होतं?" मालक बोलले, "येवढाच."

हे वाक्य ध्यानात ठेवा. आमच्या मालकांनी उभ्या जन्मात बंदूक ठासलेली नाय. ती नेहमी धाकट्यानं ठासली. ह्यांना काय ठाऊक आत काय होतं? पण विचारलं की उत्तर द्यायचं. नाय ठाऊक असं बोलायला ह्यांची जीभ वळत नाय.

मालकांना छर्र्यांची काळजी. "सगळे छर्रे निघाले का?" ती बोलली, "नाही. बरेच ठेवलेत." मालक उठून उभेच राहिले. "ठेवले? शिसं ठेवलं पोराच्या पायात?" ती बोलली, "छर्रे शोधत बसले तर पाय आणखी फाडावा लागेल. सांध्यात नाहीत, शिरेवर नाहीत. शिसं तिथं गप्प बसतं आजोबा. चिंधी गप्प बसत नाही."

जखम उघडी ठेवलेली बघून भेटायला आलेले लोक कुजबुजायचे. काकी येवढ्या लांब आली आणि मला बोलली, "डॉक्टरीण शिवायला इसरली काय गो?" आता मी तिला आंब्याचं सांगितलं. ती बोलली, "असेल बाई," पण तिला पटलं नाय. रोज पट्टी बदलायच्या वेळी मुलगा सुनेचा हात आवळून धरायचा. तिच्या हातावर वळ उठले होते, ती ते पदरानं झाकायची.

दोन दिवस ताप उतरला. मग परत चढला.

डॉक्टरीण रोज येऊन बघायची. पोटरी खालून बरी होत होती, पण वर, गुडघ्याच्या मागच्या अंगाला, लाल आणि कडक झालं होतं. तिनं परत फोटो बघितला. फोटोत छर्रे आणि हाड, आणखी काय नाय. ती मला बाजूला घेऊन बोलली, "आजी, आत अजून काहीतरी आहे असं मला वाटतं. कापड, दोरा, प्लास्टिक फोटोत दिसत नाही. काय आहे आणि किती आहे हे कळलं तर मी नेमकं शोधीन. आंधळेपणानं किती चिरू? आणि हे असंच वर चढत राहिलं, तर मुलगा वाचवायला पाय काढावा लागेल. गुडघ्याच्या वरून. मला उद्यापलीकडे थांबता येणार नाही."

मुलगा कंपनीत उभ्यानं काम करतो. सुनेला दिवस गेले होते. मी हे सगळं एका क्षणात बघितलं आणि मला रडू आलं नाय. मला राग आला. येवढ्या मोठ्या दवाखान्यात येवढी शिकलेली माणसं चाचपडतायत, आणि ज्याला ठाऊक हाय तो माणूस कुठं होता? तर दीर, पोलिसांचं नाव ऐकल्यापासून, खांब गावाला सासुरवाडीत जाऊन बसले होते.

मी बाहेर आले. "भाई, गाडी काढा. खांबला जायचंय."

मालक बोलले, "त्याला कशाला मध्ये घेतेस? तो आधीच घाबरलाय."

मी लग्न झाल्यापासून ह्यांना उलटून बोलले नव्हते असं नाय, बोलले होते. पण त्या दिवशी नुसतं बघितलं. ते बाकावर बसले.

खांबला दीर पडवीत बसून भाकरी आणि वालाचं बिरडं खात होते. आमच्या शेतातले वाल, तेच ज्यांच्यापायी हे सगळं झालं, ते ओलेच सोलून, बिरडं करून खात होते. मला बघून हात ताटातच थांबला.

"वहिनी? पोर कसा हाय?"

"भावजी, बंदुकीत काय ठासलं होतंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? त्या दिवशी नळीत काय काय घातलंत?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

त्यांच्या सासूबाई आतून बोलल्या, "जेवू तरी द्या हो त्यांना." मी बोलले, "जेवू देत की. तोंडातला घास गिळा आणि सांगा."

त्यांनी मान खाली घातली. "दारू. छर्रे. बोळा."

"कसला बोळा?"

"नेहमी नारळाच्या सोडणाचा काथ्या घालतो. पण दवानं ओला झाला होता. म्हणून जुन्या मोटरसायकलची सीट फाटली हाय ना, तिचा स्पंज घातला."

"किती?"

"किती म्हणजे?"

"एक बोळा की दोन?"

दिरांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी भात कसा शिजवतात ते विचारलं. "दोन. दोनच असतात वहिनी. एक दारूवर, एक छर्र्यांवर. वरचा नाय घातला तर नळी खाली केली की छर्रे गळून पडतील."

दोनच असतात. हे त्यांना येवढं साधं वाटत होतं की कुणाला सांगायला पाहिजे असं त्यांच्या मनातच आलं नाय. आणि तिकडं मालकांनी डॉक्टरणीला सांगून ठेवलं होतं, येवढाच.

"उठा," मी बोलले.

"कुठं?"

"पेणला. हे सगळं तुम्ही तिला तुमच्या तोंडानं सांगायचं. कुठल्या जागी कुठला बोळा, केवढा, कसला. मला ह्यातलं काय कळतं? मी काय सांगू, तिनं आणखी काय विचारलं तर?"

"वहिनी, तिथं पोलीस—"

"असतील. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन फिरलात ना? तो तापात काका काका करतोय. अजून सळीच बोलतोय तुमच्यासाठी, ह्या तापात पण."

ते रडायला लागले. मला त्यांचं रडणं बघायला वेळ नव्हता. मी बोलले, "गाडीत रडा." भाईंनी मागचं दार उघडून धरलं. खरकटा हात तसाच घेऊन ते बसले. नागोठणं आलं तेव्हा बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला.

डॉक्टरीण दिरांवर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाय. खुर्ची दिली. बोटानं माप दाखवायला लावलं. स्पंज केवढा फाडला, दाबून केवढा झाला, कुठला आधी सुटला असेल. दीर तिला टेबलावर पेन ठेवून दाखवत होते, ही नळी, हा दारूवरचा, हे छर्रे, हा वरचा. ती बोलली, "वरचा बोळा छर्र्यांच्या पुढे असतो, म्हणजे तो जास्त आत गेला असणार. मला मिळाला तो मागचा." दीर बोलले, "व्हय. काळा होता ना? दारूवरचा जळून काळा होतो. वरचा पिवळा असेल."

तिनं त्याच दिवशी परत आत नेलं. आम्ही बाहेर. मालक बाकाच्या एका टोकाला, दीर दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि सून. पोलीस हवालदार येऊन दिरांना विचारून गेला, दिरांनी सगळं सांगितलं. पेंढ्यातली बंदूक पण सांगितली. मालक मान वळवून भिंतीकडं बघत राहिले.

ती बाहेर आली तेव्हा वाटीत पिवळा, फुगलेला, घाण वासाचा तुकडा होता. गुडघ्याच्या मागं, आत, शिरेच्या जवळ बसला होता. ती दिरांकडं बघून बोलली, "हा?" दीर बोलले, "हाच."

पाय राहिला. ताप उतरला तो उतरला. जखम भरायला बराच काळ गेला, मांडीची कातडी काढून वर लावावी लागली, ती पण मागून, जखम स्वच्छ लाल झाल्यावर. मुलाची टाच अजून जमिनीला पुरती टेकत नाय, चालताना पाय जरा ओढतो. एक कान कमी ऐकतो, तो बाराच्या आवाजानं गेला, आणि पायाच्या नादात कानाचं आम्ही बोललोच नाय कुणाला. कंपनीनं बसून करायचं काम दिलं. नात झाली, ती त्याच्या ओढलेल्या पायावर बसून झोके घेते. छर्रे आतच हायत. गप्प बसलेत.

बंदूक गेली. दिरांना कोर्टात तारखेला जावं लागतं, जातात. त्यानं ते काय मेले नाय. डुकरं येतातच, आता डबे वाजवतात.

आणि आमचे मालक? परवा पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, पोराच्या पायाला काय झालं हो? मालक चहा पीत होते. कपबशी नीट खाली ठेवली. "सळी लागली," बोलले. दीर शेजारीच बसले होते, ते बोलले, "माझ्या बंदुकीची सळी." पाहुण्यांना काय कळलं नाय. मी आत निघून गेले.

मला लिहिता येतं ते तिसरीपुरतं, त्यामुळं चुकलं असेल तिथं समजून घ्या. पण वाचताय तर येवढं करा. तुमच्या घरी, गावात, बंदुकीनं, दारूच्या भडक्यानं, कशाच्या स्फोटानं कुणाला लागलं, तर डॉक्टरला खरं सांगा. वरून शिवायला लावू नका. आणि ज्यानं ठासली त्याला मागं ठेवू नका. शिव्या घाला हव्या तर, पण त्याला गाडीत घ्या आणि डॉक्टरच्या समोर बसवा.